दिवसा जीएसटी, रात्री गेम: एका घरासाठी प्रोसेसर निवडताना

पार्श्वभूमी

इचलकरंजीतलं एक घर. थोरली बहीण घरातूनच काही यंत्रमागधारकांचे हिशेब लिहिते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. घरात संगणक एकच: दोन कोअरचा पेंटियम जी४४००, ८ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. दिवसा त्यावर ताईचं टॅली, एक्सेल आणि ब्राउझर, रात्री जेवणं झाली की भावाचा व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम. ही हकिकत २०२४ च्या जुलैपासूनची आहे. घरच्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून ती इथे मांडतो. मी या घराच्या ओळखीतला. अशी यंत्रं निवडून, जोडून देण्याचं काम करतो.

नवा संगणक घ्यायचं ठरलं त्याला दोन कारणं होती. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी (कराचं सारांश विवरणपत्र) भरायचा असतो. त्या दोन दिवशी हे यंत्र हमखास हँग व्हायचं. दुसरं म्हणजे पेंटियम विंडोज ११ साठी पात्र नव्हता आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. लोकांचे पॅन क्रमांक, बँकेचे उतारे ज्या यंत्रावर आहेत ते सुरक्षा-दुरुस्त्यांविना चालवणं ताईला पटत नव्हतं, आणि तिचं बरोबर होतं.

पैसे असे ठरले: आत्ता ४०,००० रुपये, त्यातले निम्म्याहून जास्त ताईचे. दिवाळीला वडिलांचा बोनस आला की ग्राफिक्स कार्डासाठी २२,०००. मॉनिटर (१०८०पी, ६० हर्ट्झ), कीबोर्ड आणि ६०० व्हीएचा यूपीएस जुनाच. विंडोजचा परवाना ताईने कामाच्या खर्चात वेगळा धरला.

अडचण नेमकी कुठे होती

भावाचं म्हणणं एका वाक्यात होतं, "प्रोसेसर कमी पडतोय, आठ कोअर पाहिजेत." स्थानिक दुकानातून त्याने एक कोटेशनही आणलं होतं: जुन्या यंत्रातला कोअर आय७-४७७०, १६ जीबी डीडीआर३ रॅम, एक नावापुरतं ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, २६,००० रुपये. 'आय७' हा शिक्का त्याच्या मनात घट्ट बसला होता.

कुठलाही प्रोसेसर सुचवायच्या आधी मी ताईला एक काम सांगितलं: २० तारखेला, कामाच्या ऐन गर्दीत, टास्क मॅनेजर (यंत्रावर कशाचा किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून त्याचे फोटो काढायचे. त्यात तिन्ही गोष्टी लाल झालेल्या दिसल्या. प्रोसेसर शंभर टक्के, डिस्क शंभर टक्के, रॅम जवळजवळ संपलेली. पण घडण्याचा क्रम महत्त्वाचा होता. आधी रॅम भरत होती. मग विंडोज जास्तीचा माल हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकत होतं आणि डिस्क तिथेच गुदमरत होती. दोन कोअर कमीच होते, पण ताईची खिडकी गोठायची ती मुख्यतः रॅम आणि डिस्कमुळे. म्हणजे तिच्या मल्टिटास्किंगवरचा निम्मा उपाय १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान चिपची डिस्क) हाच होता, प्रोसेसर कोणताही घेतला तरी.

भावाची बाजू वेगळी. व्हॅलोरंटला कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त लागतो, तोही कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरच्या वेगाच्या रूपात. त्याचा दुसरा आवडता गेम जीटीए ५. त्याला कार्ड हवंच. शिवाय गेमच्या वेळी डिस्कॉर्ड चालू, मागे ब्राउझर, अधूनमधून क्लिप रेकॉर्ड करणं. अभ्यासासाठी अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर (संगणकावर चालणारा नकली फोन), तो तर रॅम आणि कोअर दोन्ही मागतो.

हे सगळं समोर ठेवल्यावर प्रश्न 'कोणता प्रोसेसर वेगवान' असा राहिलाच नाही. कार्ड येईपर्यंतचे तीन-चार महिने यंत्र कशावर चालणार आणि कार्ड आल्यावर प्रोसेसर त्याला आडवा येणार का, हे दोन प्रश्न उरले. कमी पैशातल्या यंत्राचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं आणि कोटेशनमध्ये ते दिसत नाही.

समोर असलेले पर्याय

आय७-४७७० हा पहिल्याच बैठकीत बाद झाला, पण भावाला ते पटवायला वेळ लागला. हा प्रोसेसर २०१३ सालचा. चार कोअर, आठ थ्रेड, डीडीआर३ रॅम, आणि विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणजे ज्या कारणाने पेंटियम काढायचा तेच कारण पुन्हा घरात आणायचं. त्या वेळच्या नव्या पिढ्यांतला स्वस्त कोअर आय३-१२१०० सुद्धा चारच कोअर-आठ थ्रेडचा आहे, पण गेममध्ये तो या जुन्या आय७ला स्पष्टपणे मागे टाकतो. मी त्याला एवढंच सांगितलं, "आयच्या पुढचा आकडा नंतर बघ, आधी पिढी बघ." जुन्या ऑफिसांतून निघालेली अशी यंत्रं रंगीत दिवे लावून 'गेमिंग पीसी' म्हणून विकली जातात, आणि ती घेणारी बहुतेक पोरं त्याच्याच वयाची असतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा पर्याय एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, भाव साधारण ११,५००. बी४५० मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कॅबिनेट धरून सगळं ३४,५०० च्या आसपास. याची खरी ताकद आतल्या वेगा ग्राफिक्समध्ये. ड्युअल चॅनल रॅम (एकाऐवजी जोडीने लावलेली) असेल तर कार्डाशिवाय जीटीए ५ सुद्धा १०८०पीवर मध्यम सेटिंगला खेळण्याजोगा चालतो. भाऊ याच्यावर खूश होता आणि त्यात गैर काहीच नव्हतं. पण या चिपची दुसरी बाजूही बघायला हवी होती. तिच्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, तर साध्या रायझन ५ ५६०० मध्ये ३२. शिवाय ती पीसीआयई ३.० पर्यंतच जाते, म्हणजे कार्डाशी जोडणारी वाट जुन्या, कमी वेगाच्या पिढीची. आरएक्स ६६०० सारखं कार्ड मुळातच आठ लेनचं (लेन म्हणजे त्या वाटेच्या पट्ट्या), ते ३.० वर चालवलं की वाट अर्धी होते. ८ जीबीच्या कार्डावर त्याचा फटका थोडा बसतो, पण ४ जीबीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन असल्याने तिथे तो चांगलाच जाणवतो. थोडक्यात, कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर ५६००जी उत्तम. चार महिन्यांत कार्ड येणार असेल तर ज्या ग्राफिक्ससाठी पैसे दिले ते पडून राहणार आणि अर्ध्या कॅशचा तोटा मात्र कायमचा.

रायझन ५ ५६०० स्वतः चांगला प्रोसेसर, पण त्यात ग्राफिक्स नाही. कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही, म्हणून तो गळाला.

तिसरा पर्याय कोअर आय३-१२१००एफ आणि लगेचच आरएक्स ६५०० एक्सटी. दोन्ही मिळून २२,५००, एकूण यंत्र ४५,५०० वर. बजेट ओलांडत होतं, दिवाळीच्या पैशातून उसनं घ्यावं लागलं असतं. त्या कार्डात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगचं काम स्वतः करणारा भाग) नाही, म्हणजे क्लिप रेकॉर्ड करायचा भार चार कोअरवरच. एम्युलेटर आणि ब्राउझर एकत्र चालवताना तेच चार कोअर ताणले जाणार.

एएमडीच्या नव्या एएम५ मंचावर रायझन ५ ७६०० घ्यावा का, हाही विचार झाला. मंच नवा, पुढे प्रोसेसर बदलायला वाव भरपूर. पण डीडीआर५ रॅम आणि महाग बोर्ड धरून पुढच्या पर्यायापेक्षा साधारण ८,००० जास्त लागत होते. ताई म्हणाली, "पाच वर्षांनी बदलायचं म्हणून आज आठ हजार कशाला?" यावर माझ्याकडेही पटणारं उत्तर नव्हतं.

उरला कोअर आय५-१२४००. सहा पूर्ण ताकदीचे कोअर, बारा थ्रेड, १८ एमबी एल३ कॅश. याच्या 'एफ' आवृत्तीचा भाव तेव्हा ११,५०० आणि एफ नसलेल्याचा १४,५००. फरक फक्त आतल्या यूएचडी ७३० ग्राफिक्सचा.

निर्णय

पहिला निर्णायक मुद्दा कार्डाचा. दिवाळीचे २२,००० खरंच येणार का, हे मी वडिलांना थेट विचारलं. असं विचारायला संकोच वाटतो, पण सगळा डाव त्यावर होता. "येणार. नाही आले तर मी बघतो," असं ते म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी ५६००जीच सुचवला असता.

दुसरा मुद्दा 'एफ' घ्यायचा की नाही. ३,००० रुपये वाचवावेत असं भावाला वाटत होतं, कारण कार्ड येणारच आहे. पण कार्ड येईपर्यंत ताईला पडदा हवा, म्हणजे एफ नको हे उघड. त्याहून मोठं कारण कार्ड आल्यानंतरचं होतं. ग्राफिक्स कार्ड बिघडलं की एफवालं यंत्र पूर्ण बंद पडतं. या घरात यंत्र बंद पडणं म्हणजे ११ किंवा २० तारीख चुकणं, आणि त्याचा विलंबशुल्क ताईच्या पक्षकाराला. ज्या यंत्रावर कोणाची रोजी आहे त्यात आतलं ग्राफिक्स असावंच, असं माझं ठाम मत आहे. निव्वळ गेमिंगचं यंत्र असतं तर मीच एफ घ्यायला सांगितलं असतं.

तिसरा मुद्दा विजेचा. महावितरणचा पुरवठा इथे अधूनमधून जातो आणि ६०० व्हीएचा जुना यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. आरएक्स ६६०० कमाल १३२ वॅट घेतं, १२४०० गेममध्ये आपल्या ११७ वॅटच्या कमाल मर्यादेच्या बराच खाली राहतो. मॉनिटर आणि एसएमपीएसमधली गळती धरूनही हिशेब तीनशे वॅटच्या आत बसत होता. मोठा प्रोसेसर घेतला असता तर यूपीएसही नवा घ्यावा लागला असता.

याच सुमारास इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही चिप अस्थिर होत असल्याच्या बातम्या जोरात होत्या. जुलै २०२४ मध्ये कंपनीने कारण मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली. भाऊ घाबरून फोन करत होता, "इंटेल नकोच म्हणतायत सगळे." १२४०० ज्या १२व्या पिढीतला, ती त्या दोषात नव्हती हे त्याला दाखवलं आणि विषय मिटला. तरी त्याने विचारलं ते योग्यच केलं.

बोर्डाच्या बाबतीत एच६१० (६,५००) की बी६६० (१०,०००) यावर बराच खल झाला. एच६१० ला रॅमच्या दोनच जागा आणि एसएसडीसाठी पीसीआयई ३.०. बी६६० ला बहुधा चार जागा, एसएसडी दुप्पट वेगाची. ताईच्या कामाला त्या दुप्पट वेगाचा फरक पडणार नव्हता. ४०,००० ची रेषा पाळायची म्हणून एच६१० घेतला.

शेवटची यादी अशी: आय५-१२४०० बॉक्स पीस १४,५००, एच६१० बोर्ड ६,५००, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम ३,५००, १ टीबी एनव्हीएमई ५,५००, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस ४,५००, जाळीचं कॅबिनेट ३,०००. एकूण ३७,५००. एसएमपीएसवर हात आखडता घेऊ नये एवढाच माझा आग्रह होता, कारण कार्ड आल्यावर तो बदलायला लागला तर ती शुद्ध उधळपट्टी. ट्रे पीस (खोक्याविना सुटा विकला जाणारा) थोडा स्वस्त मिळत होता, पण बॉक्समध्ये पंखा येतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, म्हणून तो नाकारला.

जोडणी आणि पहिले महिने

जोडणी एका दुपारी झाली. दोन गोष्टी नंतर नीट कराव्या लागल्या. व्हॅलोरंटने पहिल्याच दिवशी चालायला नकार दिला, कारण विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा-सोयी चालू लागतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी, म्हणजे इंटेलचं टीपीएम, आणि सिक्युअर बूट सुरू केल्यावर तो सुटला. दुसरी गोष्ट रॅमची: ३२०० ची रॅम टास्क मॅनेजरमध्ये २६६६ वर धावताना दिसली. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं नव्हतं. आतलं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच खातं, म्हणून हा फरक कार्डाशिवायच्या यंत्रात लगेच कळतो. नव्या यंत्रावर टास्क मॅनेजरचा 'मेमरी' भाग पहिल्याच दिवशी उघडून बघावा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

ताईसाठी फरक दुसऱ्या दिवसापासून होता. ऑगस्टची २० तारीख आली आणि गेली, यंत्राचा विषयच निघाला नाही. भावाचे हे महिने मात्र तडजोडीचे होते. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर साठच्या वर चालायचा आणि मॉनिटरच ६० हर्ट्झचा असल्याने त्याची तक्रार नव्हती. जीटीए ५ मात्र ७२०पीवर, सगळं कमी करून. ५६००जी घेतला असता तर इथे तो नक्कीच जास्त सुखी असता. हे त्याला आधी सांगितलं होतं, म्हणून कुरबुर झाली नाही.

दिवाळीनंतर

दिवाळीला २१,००० ला आरएक्स ६६०० आलं. जीटीए ५ १०८०पीवर उच्च सेटिंगला ६० च्या पुढे गेला, व्हॅलोरंट मॉनिटरच्या मर्यादेच्या कितीतरी वर. प्रोसेसर कुठेही आडवा येत नव्हता.

आणि मग एक नवीच तक्रार सुरू झाली. काही रात्री गेम मध्येच अडखळायचा, काही रात्री अजिबात नाही. भावाने निष्कर्ष काढला, "सहा कोअर कमी पडतायत." मी पुन्हा टास्क मॅनेजरकडे वळलो, आणि कारण सापडलं ते घराच्या सवयीत होतं. ताई काम संपल्यावर साइन आउट न करता फक्त युजर बदलून उठायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसं उघडं मिळावं. विंडोज तिचं अख्खं सत्र रॅममध्ये तसंच ठेवतं: टॅली, एक्सेलच्या वह्या, ब्राउझरचे तीसेक टॅब. त्यावर गेम, डिस्कॉर्ड आणि भावाचा ब्राउझर. १६ जीबी भरून जायची. ज्या रात्री ताई साइन आउट करायची त्या रात्री गेम लोण्यासारखा.

दोन मार्ग होते. ताईने रोज सगळं बंद करायचं, किंवा रॅम वाढवायची. ताईने पहिला मार्ग साफ नाकारला, आणि मला ते रास्त वाटलं. ज्याच्या कामावर यंत्र आलं त्याने रोजची पंधरा मिनिटं का घालवावीत? १६-१६ च्या दोन रॅम ६,५०० ला आल्या. जुन्या जोडीचे १,८०० आले. अडखळणं थांबलं आणि अँड्रॉइडचा एम्युलेटरही मोकळा झाला.

३,००० रुपयांच्या निर्णयाची परीक्षा मार्चमध्ये झाली. इचलकरंजीत मागांच्या कापसाचे तंतू हवेत असतात. कॅबिनेटच्या जाळीवर ते नमद्यासारखे बसतात. कार्डाचा एक पंखा अडकू लागला आणि कार्ड वॉरंटीत सर्व्हिस सेंटरला पाठवावं लागलं. आर्थिक वर्षाची अखेर, ताईच्या कामाचा सगळ्यात जड काळ. मॉनिटरची वायर कार्डावरून काढून बोर्डाला लावली आणि काम चालू राहिलं. भाऊ परत ७२०पीवर आला, इतकंच.

वेगळं काय करता आलं असतं

बोर्डाबद्दल लोक मला लगेच विचारतात: चार जागांचा बी६६० घेतला असता तर जुनी रॅम विकावी लागली नसती ना? हिशेब करून बघितला. बी६६० ला ३,५०० जादा आणि नंतर आणखी ८-८ ची जोडी ३,५००, मिळून ७,०००. प्रत्यक्षात गेले ६,५०० वजा १,८००, म्हणजे ४,७००. एच६१० चा निर्णय पैशांतही चुकीचा ठरत नाही.

पण सुरुवातीलाच १६-१६ ची जोडी घेतली असती तर ३,००० च जादा लागले असते आणि यंत्र ४०,५०० ला पडलं असतं. ४०,००० ची रेषा पाचशे रुपयांनी ओलांडण्यात काही बिघडत नव्हतं. त्यासाठी एक प्रश्न मात्र आधी विचारायला हवा होता: काम संपल्यावर तुम्ही खिडक्या बंद करता की तशाच सोडता? एकाच यंत्रावर दोघं बसणार असतील तर आता माझ्या प्रश्नांत हा सगळ्यात वर असतो.

कार्डाच्या बाबतीत, कॅबिनेटच्या जाळीला आतून चुंबकी फिल्टर बसवून दर पंधरवड्याला ब्लोअर मारायचा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता. मागांच्या गावात हे गरजेचं आहे. आता ती जबाबदारी भावाची.

५६००जीबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. बोनस अडकला असता तर तो पोरगा वर्षभर ७२०पीवर अडकला असता आणि माझी निवड त्याच्यासाठी वाईट ठरली असती. म्हणून कार्डाचे पैसे 'बहुतेक येतील' एवढ्यावर असतील, तिथे मी आजही आतलं चांगलं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यायला सांगतो.

सध्या घरात चर्चा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरची चालू आहे. व्हॅलोरंटमध्ये १२४०० आणि आरएक्स ६६०० ही जोडी तेवढे फ्रेम सहज देते, त्यामुळे पुढचा पैसा तिकडेच जाईल. मॉनिटर बदलला की यूपीएसवरच्या वॅटचा हिशेब मात्र पुन्हा मांडायचा आहे.